आधी सूर, मग लिपी : उतारवयात पेटी शिकताना

उतारवयात एखादे वाद्य शिकावे असे अनेकांच्या मनात येते. बहुतेकांचे पाऊल मात्र पहिल्याच पायरीवर अडखळते, आणि ती पायरी वाद्याची नसून पुस्तकाची असते. पियानोचे पुस्तक उघडावे, तर पाच समांतर रेषांवर टांगलेले काळे ठिपके दिसतात. पेटीचे उघडावे, तर स्वरांच्या वर-खाली टिंबे, रेघा आणि मात्रांचे चौकोन. ‘हे सगळे आता या वयात कोण पाठ करणार?’ असे म्हणून पुस्तक मिटते आणि त्याबरोबर वाद्याचे झाकणही लागते. वाचकहो, आपल्यालाही असा अनुभव आला असेल तर प्रस्तुत लेख आपल्यासाठीच आहे. वाद्य शिकण्याचा दुसरा एक रस्ता आहे. त्यात आधी वाजवायचे असते आणि वाचायचे नंतर, तेही वाटले तरच. हा रस्ता आपल्या मुलखाला नवा नाही.

समजा, आपण मासवणला राहता. पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, सूर्या नदीच्या काठचे हे गाव. मुलगा बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जातो, सून शाळेत किंवा दवाखान्यात नोकरीला, नातवंडे पालघरच्या महाविद्यालयात. सकाळी दहानंतर घरात आपण, आपली पथ्याची भांडी आणि भिंतीवरचे घड्याळ. कपाटावर नातवासाठी कधीतरी घेतलेला की-बोर्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून आहे. खरा पियानो पाहायला मिळणे अवघड, तो शिकवणारा शिक्षक मिळणे त्याहून अवघड. परंतु याच गावांच्या परिसरात एकादशीच्या आणि सप्ताहाच्या भजनाला जे पेटीवाले बुवा बसतात, त्यांना आपण कधी कागदाकडे पाहताना पाहिले आहे का? गायक ज्या पट्टीत सुरुवात करील ती पट्टी ते क्षणात पकडतात, अभंगाची चाल नवी असली तरी दुसऱ्या कडव्यापर्यंत बोटांत आणतात. त्यांपैकी पुष्कळांना स्वरलेखन वाचता येत नाही. म्हणून त्यांना पेटी येत नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

डोंगराच्या बाजूला थोडे वर गेले की याहूनही जुने उदाहरण भेटते, ते तारप्याचे. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांपासून घडणारे हे वारली समाजाचे वाद्य. नाचणाऱ्यांचा वेढा तारपेकऱ्याभोवती फिरत राहतो आणि श्वास न तोडता तो वाजवत राहतो. याची लिपी कधी कोणी केली नाही आणि तिच्यावाचून काही अडलेही नाही. जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्या घराण्यात हे वादन पिढ्यान्‌पिढ्या एका कानातून दुसऱ्या कानात उतरत आले, आणि वयाची नव्वदी गाठेपर्यंत त्यांनी ते सांभाळले. फुंकून वाजवायच्या वाद्याला किती दमसास लागतो हे ध्यानात घेतले, म्हणजे बोटांनी वाजवायच्या वाद्याबद्दल ‘आता वय झाले’ ही सबब जरा फिकी वाटू लागते.

आता कोणी म्हणेल, ही लोकपरंपरा झाली, शास्त्रोक्त संगीताचे काय? तर ज्यांनी आपल्याकडे स्वरलेखनाचा प्रसार केला त्यांचेच चरित्र पाहावे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म 1872 चा, कुरुंदवाडचा. लहानपणी उत्सवात फटाक्याने डोळ्यांना इजा झाली आणि नेहमीचे शिक्षण थांबले. मग ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गायन शिकण्यासाठी राहिले. अधू दृष्टीच्या त्या मुलाने विद्या घेतली ती कानाने. पुढे 1901 मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि वर्गात अनेकांना एकदम शिकवता यावे म्हणून स्वरलेखनाची स्वतःची पद्धत बसवली. लिपी आली ती विद्या अंगी मुरल्यावर. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची पद्धतही अशीच घडली. घराणेदार गायकांकडून ऐकलेल्या बंदिशी हरवू नयेत म्हणून त्यांनी त्या लिहून ठेवल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब आणि तार स्वरावर टिंब या खुणा आज आपण ज्या पुस्तकांत पाहतो, त्या आधी गायल्या गेलेल्या गोष्टीच्या नोंदी आहेत. नोंद वाचून वस्तू ओळखायची, तर वस्तू आधी थोडी पाहिलेली असावी लागते.

पेटीच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. हे वाद्य मूळचे युरोपातले. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी 1840 च्या सुमारास पायाने भाता चालवायच्या हार्मोनियमचे एकस्व घेतले, आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या आसपास जमिनीवर बसून हाताने भाता मारता येईल असे तिचे देशी रूप घडवले. वाद्य आले, पण त्याबरोबर पाच रेषांची लिपी आपल्या घरांत आली नाही. महाराष्ट्राने पेटी कानाने आत्मसात केली. गोविंदराव टेंबे (1881–1955) यांच्यासारखा श्रेष्ठ पेटीवादक बव्हंशी स्वतःच्या कानांवर आणि हातांवर विसंबून घडला. भास्करबुवा बखल्यांचे गाणे ऐकून त्यातले मर्म त्यांनी पेटीवर उतरवले. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीला दार बंद केले आणि ते पुन्हा किलकिले व्हायला 1971 उजाडले. तरीही घराघरांतली पेटी चालूच राहिली, कारण तिचे शिक्षण कोणत्याही कचेरीच्या परवानगीवर अवलंबून नव्हते.

जपानमध्ये शिनिची सुझुकी (1898–1998) या व्हायोलिन-शिक्षकांनी हाच विचार पद्धतशीरपणे मांडला. जपानी मुले जपानी भाषा इतक्या सहज कशी बोलतात, हा त्यांचा साधा प्रश्न. मूल आधी ऐकते, मग बोबडे बोलते, मग नीट बोलते, आणि अक्षरे पुष्कळ नंतर गिरवते. संगीतातही तोच क्रम ठेवावा, असे त्यांनी ठरवले. त्यांच्या पद्धतीत विद्यार्थी आधी तीच तीच रचना वारंवार ऐकतो, वाजवतो, आणि वाचन पुढे येते. आता यात आपला, म्हणजे ज्येष्ठांचा, एक मोठा फायदा आहे. चार वर्षांच्या मुलाला ऐकण्याची सुरुवात करावी लागते. आपले साठ-सत्तर वर्षांचे ऐकणे झालेलेच आहे. आरत्या, भूपाळ्या, नाट्यपदे, ओव्या, रेडिओवरची भावगीते यांतली प्रत्येक चाल आपल्या कानात आहे. वाद्यासमोर आपण बसतो ते भाषा जाणणाऱ्या माणसासारखे, फक्त हाताला लिहिण्याची सवय नसलेले.

मेंदू, बोटे आणि चष्मा

वाचून वाजवण्यात मेंदूला एकाच वेळी किती कामे करावी लागतात ते पाहा. ठिपका कोणता हे ओळखायचे, त्याचे नाव आठवायचे, ती पट्टी शोधायची, कोणते बोट हे ठरवायचे, किती वेळ दाबायचे ते मोजायचे, आणि तोवर पुढचा ठिपका पाहायचा. वाढत्या वयात एकाच वेळी अनेक गोष्टी मनात धरून ठेवण्याची क्षमता मंदावते, ही सर्वांच्या अनुभवाची गोष्ट आहे. मात्र हातांनी करायच्या कृतींची स्मृती निराळ्या वाटेने साठते. 1953 मध्ये शस्त्रक्रियेनंतर नवी आठवण साठवण्याची शक्ती गमावलेल्या हेन्री मोलेसन यांचा अभ्यास ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी केला. आरशात पाहून चांदणी गिरवण्याचे अवघड काम ते तीन दिवसांत उत्तम शिकले, आणि प्रत्येक दिवशी ‘हे मी पूर्वी कधी केलेच नाही’ असे त्यांना वाटत असे. शिकणे हाताने केले होते. ज्या घरात विस्मरणाचा आजार आहे, तेथे ही गोष्ट मनात जपून ठेवण्यासारखी आहे.

याहून साधा मुद्दा चष्म्याचा. वाचनाचा चष्मा साधारण हातातल्या वर्तमानपत्राच्या अंतरासाठी केलेला असतो. वाद्यावरचे पुस्तक त्याहून लांब असते आणि नजरेसमोर उभे असते. दुहेरी भिंगाचा चष्मा लावणारी व्यक्ती मग खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी वर करते, मान मागे टाकते आणि अर्ध्या तासात मान व खांदे भरून येतात. दोष संगीतावर जातो. मोतीबिंदू पिकत आलेला असेल किंवा नजरेच्या मध्यभागी डाग दिसण्याचा पडद्याचा विकार असेल, तर बारीक ठिपके वाचणे जवळजवळ अशक्यच. कानाने शिकणाऱ्याला यांपैकी कशाचीही गरज नाही. काळ्या पट्ट्या उंच असतात, त्या दोन आणि तीनच्या गटांत असतात आणि डोळे मिटूनही बोटांना सापडतात.

संशोधन काय सांगते, याबद्दल अलीकडे बऱ्याच अतिशयोक्ती ऐकू येतात, म्हणून मोजकेच लिहितो. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील पंच्याहत्तरीपुढच्या 469 व्यक्तींचा दीर्घ पाठपुरावा 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. परंतु ज्यांचा मेंदू मुळात ठणठणीत आहे तेच असल्या गोष्टींत अधिक रमतात, असेही असू शकते. केवळ निरीक्षणातून हा गुंता सुटत नाही. 2007 मध्ये जेनिफर ब्यूगोस आणि सहकाऱ्यांनी 60 ते 85 वयाच्या, पूर्वी विशेष शिक्षण न झालेल्या व्यक्तींना सहा महिने पियानो शिकवला. न शिकलेल्यांच्या तुलनेत लक्ष एकीकडून दुसरीकडे वळवण्याच्या आणि जलद विचार करण्याच्या चाचण्यांत त्यांची प्रगती दिसली. त्या शिकवणीत लिपी आणि संगीताची उपपत्तीही होती, त्यामुळे कानाने शिकणेच मेंदूला अधिक उपकारक, असे तिच्यावरून म्हणता येत नाही. माझे म्हणणे इतकेच, की सहा महिने टिकले तर फायदा होण्याचा संभव आहे, आणि पहिल्याच आठवड्यात गोडी लागली तर माणूस सहा महिने टिकतो. औषधाची गोळी कमी करण्याचे कारण म्हणून मात्र कोणी पेटीकडे पाहू नये.

पाच काळ्या पट्ट्या

आता प्रत्यक्ष सुरुवात. पेटी असो वा की-बोर्ड, आधी काळ्या पट्ट्यांकडे पाहा. तीनचा एक गट, मग दोनचा, पुन्हा तीनचा, अशी त्यांची रांग दिसेल. मधल्या सप्तकातला तीनचा गट शोधा. उजव्या हाताची तर्जनी, मध्यमा आणि अनामिका या तीन पट्ट्यांवर ठेवा. पहिली पट्टी ‘सा’, दुसरी ‘रे’, तिसरी ‘ग’. उजवीकडच्या दोनच्या गटातली पहिली ‘प’ आणि दुसरी ‘ध’. त्यापुढे पुन्हा तीनचा गट येतो, त्यातली पहिली म्हणजे वरचा ‘सा’. पेटीवाल्यांच्या बोलीत आपण ‘काळी तीन’चा षड्ज धरला आणि भूप रागाचे पाचही स्वर आपल्या हाती आले. पांढऱ्या पट्टीला हात लागला नाही, तर चुकीचा सूर निघण्याची शक्यताच नाही. अंगठा आखूड असल्यामुळे काळ्या पट्ट्यांवर त्याची गैरसोय होते. त्याला सध्या विश्रांती द्यावी.

पहिले दोन-तीन दिवस फक्त ‘सा’ वाजवा. सूर लांबवा आणि त्याच्याबरोबर स्वतः ‘आ’कार लावा. आवाज घोगरा आला तरी चालेल, आवाज आणि पट्टी एकमेकांत मिसळली की छातीत जी कंपने जाणवतात तिथेच शिक्षणाला सुरुवात होते. काळी तीन आपल्या गळ्याला सोयीची नसेल तर की-बोर्डवर पट्टी बदलण्याचे बटण असते. पुरुषांना सामान्यतः काळी एक किंवा दोन, बायकांना काळी चार किंवा पाच मानवते. बटणाने सूर वर-खाली केला तरी बोटे त्याच पाच पट्ट्यांवर राहतात. साध्या पेटीत ही सोय नाही, पट्टी बदलणाऱ्या महागड्या पेटीत असते.

मग ‘सा रे ग’, ‘ग रे सा’. मग ‘सा रे ग प ध सा’ असे वर जाणे आणि उतरणे. हे जमले की कागद न घेता एखादी माहीत असलेली ओळ शोधायला लागा. पहाटेच्या अनेक भूपाळ्या भूपाच्या स्वरांत गायल्या जातात. आईच्या तोंडची एखादी आठवत असेल तर तिचे पहिले चार स्वर धुंडाळा. आधी मनात म्हणा, मग गुणगुणा, मग बोटाने चाचपडा. चुकीची पट्टी दाबली गेली तर कान लगेच सांगतो, ‘वर जा’ किंवा ‘खाली ये’. या चाचपडण्याला वेळ वाया जाणे समजू नका, कानाने शिकण्याचा सारा अभ्यास तोच आहे. एक ओळ सापडायला चार दिवस लागले तरी ती पुढे विसरत नाही, कारण ती आपण स्वतः शोधलेली असते.

या पाच पट्ट्यांची एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. त्याच पाच पट्ट्या, पण ‘सा’ वेगळ्या पट्टीवर मानला, तर राग बदलतो. दोनच्या गटातल्या पहिल्या पट्टीला षड्ज मानले तर दुर्गा, दुसरीला मानले तर धानी. तीनच्या गटातल्या मधल्या पट्टीपासून निघाल्यास मेघाचे स्वर मिळतात आणि तिसरीपासून निघाल्यास मालकंसाचे. आपल्या जुन्या ग्रंथांत याला मूर्च्छना म्हणतात. शब्द भारदस्त, पण अनुभव अगदी घरगुती आहे. घरातल्या कोणाला तरी डाव्या बाजूला बसवून निवडलेला ‘सा’ सतत धरून ठेवायला सांगा आणि आपण उजवीकडे मुक्तपणे फिरा. तासाभरापूर्वी भूप असलेले स्वर मालकंसासारखे गंभीर कसे झाले, याचा विस्मय सत्तराव्या वर्षीही तितकाच ताजा असतो.

पांढऱ्या पट्ट्या आणि बाकीचे स्वर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येऊ द्यावेत. गणपतीची नेहमीची आरती काढायची ठरवलीत तर मध्यम आणि निषाद लागतीलच, तेव्हा कान स्वतःच त्यांची मागणी करील.

शरीराची बाजू

दिवसातून दोनदा दहा ते पंधरा मिनिटे पुरेत. एकदाच तासभर बसण्यापेक्षा हे अधिक पचते. सांधेदुखी असल्यास सकाळी बोटे ताठर असतात, म्हणून कोमट पाण्यात पाच मिनिटे हात बुडवून, किंवा सरळ दहानंतरच बसावे. पेटीचा भाता डाव्या हाताने सतत चालवावा लागतो आणि बहुधा मांडी घालून बसावे लागते. गुडघे किंवा डावा खांदा साथ देत नसेल तर पेटी स्टुलावर ठेवून खुर्चीत बसा किंवा की-बोर्ड घ्या. साध्या की-बोर्डच्या पट्ट्या हलक्या असतात, पियानोच्या जड. सांध्यांना सूज असणाऱ्यांनी जड पट्ट्यांच्या मोहात पडू नये. बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, कोपरे पट्ट्यांच्या उंचीला, खांदे सैल. बोटात मुंग्या येणे, बधिरपणा किंवा अंगठ्याच्या मुळाशी टोचणारी वेदना झाल्यास थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असेल तर नजरेची मदत घ्यावी लागेल, त्यात कमीपणा नाही.

वाढत्या वयात श्रवणशक्ती कमी होते ती आधी उंच स्वरांची. म्हणून उजवीकडच्या टोकाची सप्तके सोडून मधल्या आणि खालच्या सप्तकात वाजवावे. कानाचे यंत्र बोलणे स्पष्ट व्हावे म्हणून जुळवलेले असते, त्यातून पेटीचा सूर कधी फाटल्यासारखा किंवा थरथरल्यासारखा ऐकू येतो. कित्येक यंत्रांत संगीतासाठी वेगळी जुळणी असते, पुढच्या खेपेला तंत्रज्ञांना तसे विचारा. वाद्य बिघडले असा निष्कर्ष काढून ते विकून टाकू नका.

पक्षाघातानंतर ज्यांच्या हातात थोडी हालचाल शिल्लक आहे, त्यांच्यासाठी एक आशादायक गोष्ट आहे. जर्मनीतील एकार्ट आल्टेनम्युलर यांच्या गटाने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्वी वाद्य कधीही न शिकलेल्या रुग्णांकडून की-बोर्ड आणि विजेवर चालणारे ढोल वाजवून घेतले. अर्ध्या तासाच्या पंधरा बैठका, तीन आठवडे, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला. त्यांच्या हालचालींची गती, अचूकपणा आणि सुबकता केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली. हात हलला की सूर निघतो, आणि हालचाल नीट झाली की नाही हे कान तत्काळ सांगतो. तरीही हे फिजिओथेरपिस्टला विचारून, त्यांनी सांगितलेल्या मर्यादेतच करावे. दुखऱ्या खांद्यावर ताण आणून स्वर काढण्याचा हट्ट धरू नये.

सांभाळणाऱ्यांसाठी

घरात ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्या वाचकांशी आता थोडे. आई, सासूबाई किंवा यजमान वाद्यापाशी बसले की आपल्याला शिकवण्याची हुक्की येते. ‘अहो, ते रे नाही, ग आहे’ असे तीनदा ऐकले की मोठ्या माणसाचा हात मागे जातो. तो पुन्हा पुढे येईलच असे नाही. आयुष्यभर ज्यांनी घर चालवले त्यांना आता प्रत्येक गोष्टीत दुरुस्त केले जाते, गोळ्या कोणत्या, चप्पल कोणती, दार कोणी उघडे ठेवले. या एका ठिकाणी तरी दुरुस्ती नसावी. आपण डावीकडे बसावे, खालचा ‘सा’ आणि ‘प’ धरून ठेवावा, आणि जे येईल ते येऊ द्यावे. काळ्या पट्ट्यांची योजना याच कारणासाठी मला विशेष प्रिय आहे. तिच्यात चूक दाखवण्यासारखे फारसे काही उरतच नाही.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत ‘काल शिकवले ते आठवते का?’ हा प्रश्न विचारू नये. उत्तर नाहीच येणार, आणि प्रश्नाने मन खट्टू होईल ते वेगळेच. न विचारता त्यांचा हात हलकेच पट्ट्यांवर ठेवावा आणि आपण चाल गुणगुणायला लागावे. ब्रिटनचे संगीतज्ञ क्लाइव्ह वेअरिंग यांना 1985 मध्ये मेंदूदाह झाला, तेव्हापासून काही क्षणांपलीकडची आठवण त्यांच्यापाशी राहत नाही, परंतु पियानोसमोर बसवले की ते वाजवू शकत. ते मुळात तयारीचे कलावंत होते, तेव्हा आपल्या घरी तसेच घडेल अशी अपेक्षा ठेवू नये. पण ज्या वडिलांनी चाळीस वर्षे भजनात टाळ धरला, त्यांचे बोट ठेक्यावर हलू लागले, तर त्या दिवशी दुपारच्या बेचैनीच्या वेळी घरात दहा मिनिटे शांतता नांदेल. सांभाळणाऱ्याला त्या दहा मिनिटांची किंमत सांगावी लागत नाही. आणि एखाद्या दिवशी त्यांनी हात झटकला, तर झाकण लावून चहा ठेवावा. उद्या पुन्हा.

लिपीचे काय? ती कधी शिकायची? माझे मत असे, की दहा-बारा चाली बोटांत बसल्या आणि आधीची विसरू लागली, की स्वरलेखनाची खरी गरज भासते. तेव्हा जाड शाईच्या पेनाने वहीत मोठ्या अक्षरांत ‘सा रे ग’ असे स्वतःच लिहावे. पुढे भातखंडे पद्धतीच्या खुणा दोन दिवसांत कळतात, कारण ज्याची खूण आहे तो स्वर आधीच ओळखीचा असतो. पाश्चात्त्य पियानोच्या मोठ्या रचना वाजवायची इच्छा असेल, तर मात्र पाच रेषांची लिपी टाळता येणार नाही. दोन्ही हातांचे ते गुंतागुंतीचे संगीत केवळ कानावर पेलत नाही, हे मान्य केले पाहिजे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षा प्रौढांनाही देता येतात, पण पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नये. परीक्षेची तारीख ठरली की माणूस चालीऐवजी अभ्यासक्रम वाजवू लागतो.

शिक्षक शोधताना पालघर किंवा बोईसरच्या मोठ्या शिकवणीपेक्षा आधी गावातल्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्यांना विचारा. त्यांना एवढेच सांगा : ‘बुवा, मला पुस्तक नको. तुम्ही एक ओळ वाजवा, मी ती तुमच्यामागून वाजवतो.’ आठवड्यातून एक दिवस, अर्धा तास. जे शिक्षक पहिल्याच दिवशी वही काढायला लावतात, ते वाईट असतात असे नाही, पण ते आपल्यासाठी नसावेत.

वाद्य नवे घेण्याची घाई नको. कपाटावरचा की-बोर्ड खाली काढा, कोरड्या फडक्याने पुसा. वीज गेली तर पंचाईत होऊ नये म्हणून तो सेलवर चालतो का ते पाहून घ्या. जुनी पेटी असेल तर पावसाळ्यात सूर्याकाठच्या दमट हवेने तिच्या पट्ट्या फुगून अडकतात आणि भात्याला कसर लागते. ती जमिनीपासून उंच, भिंतीपासून थोडी दूर ठेवावी आणि दिवसातून एकदा तरी वाजवावी. मात्र वाद्य काहीही असो, ते पिशवीत किंवा पलंगाखाली ठेवू नका. बसण्याच्या खोलीत, आपल्या नेहमीच्या खुर्चीपासून हात पोहोचेल अशा ठिकाणी, झाकण उघडे ठेवून मांडा.